सोलापूरकरांसाठी सर्फिंग: आडोशाच्या किनाऱ्यावर सुरुवात कशी करावी

समुद्रावर जाणारे आपल्या सोलापुरात कमी नाहीत. गणपतीपुळ्याचं दर्शन, मालवणचा किल्ला, गोकर्णची यात्रा, लग्नानंतरचं गोवा. पण लाटेवर बोर्ड टाकून उभं राहायला शिकायचंय असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "इथनं समुद्र कुठं, तू शिकणार कुठं?" शिकता येतं. मी शिकले, अजून शिकतेय, आणि आता दर हिवाळ्यात ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतं की सुरुवात कुठून करू. त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगते ते इथं सलग लिहिलंय.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. सुरुवात मोठ्या, सरळसोट, उघड्या किनाऱ्यावर करू नका. दोन्ही अंगांना डोंगराची टोकं आलेली असतात अशा आडोशाच्या किनाऱ्यावर करा. आणि कोणता किनारा, कोणता दिवस, दिवसातली कोणती वेळ हे गाडीत बसण्याआधी, इथं सोलापुरातच ठरवा. किनाऱ्यावर राहणाऱ्याला रोज सकाळी दारातून लाट बघता येते. आपल्याला दोन-तीन दिवसांची रजा मिळते, ती सपाट पाण्याकडे बघत किंवा खवळलेल्या पाण्याला घाबरत जाऊ नये.

१. आधी पोहणं पक्कं करा

बोर्ड पायाला दोरीनं बांधलेला असतो, म्हणून पोहायला आलं नाही तरी चालेल, असं काही जण सांगतात. त्यांचं ऐकू नका. दोरी तुटते, पट्टा निसटतो.

आपल्याकडे बरेच जण मोहोळ, बार्शी, अक्कलकोटकडच्या विहिरींत डबा बांधून पोहायला शिकलेले असतात. दम चांगला असतो, पाण्याची भीती नसते. पण विहिरीत चार हात मारले की कड हाताला लागते. समुद्रात ती लागत नाही. तेव्हा जलतरण तलावावर जाऊन तीन गोष्टी तपासा: न थांबता २०० मीटर पोहता येतंय का, पाच मिनिटं हातपाय फारसे न हलवता तरंगता येतंय का, आणि नाकातोंडात अचानक पाणी गेलं तर न घाबरता श्वास जुळवता येतोय का. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. हा सराव उजनीच्या किंवा हिप्परग्याच्या पाण्यात एकट्यानं करू नका. तिथं गाळ असतो, गवत असतं आणि वाचवायला कोणी नसतं.

घरच्या घरी करायचा सराव म्हणजे उभं राहण्याची हालचाल. पालथं झोपा, तळहात छातीच्या खालच्या फासळ्यांजवळ टेकवा, एका झटक्यात अंग उचला आणि दोन्ही पाय अंगाखाली आणून गुडघे वाकवून उभे राहा. गुडघा जमिनीला टेकवायचा नाही. तालमीत जोर मारलेल्यांना हे चटकन जमतं. बाकीच्यांनी महिनाभर रोज थोडं थोडं केलं तरी पाण्यात फरक जाणवतो, कारण पहिल्या दिवशी पाय थकण्याच्या कितीतरी आधी खांदे थकतात.

दमा, फिट येणं, हृदयाचा त्रास, निखळणारा खांदा यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि शिकवणाऱ्यालाही सांगा. लपवू नका.

२. आडोसा काय काम करतो ते समजून घ्या

लाटा दोन प्रकारच्या असतात असं सध्या धरून चला. एक जवळच्या वाऱ्यानं उठलेली. तिची एक लाट गेल्यावर दुसरी पाच-सात सेकंदांत येते. ती आखूड, खडबडीत, कुठंही फुटणारी. दुसरी दूरच्या वादळातून आलेली, जिला सगळे सर्फर 'स्वेल' म्हणतात. तिच्या दोन लाटांमध्ये बारा, चौदा, कधी सोळा सेकंदांचं अंतर असतं. चौदा सेकंदांच्या लाटांचा ताफा खोल समुद्रात ताशी साधारण ४० किलोमीटर वेगानं सरकतो. म्हणजे हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला उठलेल्या वादळाची लाट आपल्या किनाऱ्यावर यायला आठवडाभर घेते. गोव्यात आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि तरीही किनाऱ्यावर लाटा मोठ्या, असं दिसतं ते त्यामुळे.

आता आडोसा. लाट समुद्राचा तळ 'धरते' तिथून ती वळायला लागते, आणि हा तळ तिला स्वतःच्या लांबीच्या साधारण निम्म्या खोलीवर लागतो. सहा सेकंदांची लाट असते पन्नास-साठ मीटर लांब, म्हणून तिला तळ लागतो तीसेक मीटर खोलीवर. चौदा सेकंदांची लाट तीनशे मीटर लांब, तिला दीडशे मीटरवरच तळ लागतो. त्यामुळे लांब लाट दुरूनच वळायला लागते आणि भूशिराला वळसा घालून आत येते. आखूड लाट वळायच्या आत टोकावर आपटून संपते. वळताना आत येणाऱ्या लाटेची ताकद पसरते आणि उंची कमी होते. बाहेर पुरुषभर लाट असली तरी आत कंबरेइतकी राहते.

म्हणजे आडोशाचा किनारा गाळणीचं काम करतो. खडबडीत लाट बाहेर राहते, आणि सावकाश, एकामागून एक, मोजता येतील अशा लाटा आत येतात. शिकणाऱ्याला नेमक्या ह्याच हव्या असतात.

एक धोका मात्र इथंच सांगायला हवा. किनारा शांत दिसला म्हणजे तो सगळीकडे शांत असतो असं नाही. आत आलेलं पाणी परत बाहेर जायला वाट शोधतं, आणि ती वाट बहुतेक वेळा टोकाच्या खडकांना लागून असते. किनाऱ्याच्या चंद्रकोरीच्या मध्यापासून थोडं बाजूला उतरा, पण खडकांच्या जवळ कधीही नाही.

३. किनारे कोणते

सगळे किनारे इथं सांगत बसत नाही. सोलापूरहून जाणं सोयीचं आणि आडोशाचा उपयोग होतो असे तेवढे सांगते.

पाळोळे, दक्षिण गोवा. काणकोण तालुक्यातला हा किनारा नवशिक्यांना मी सगळ्यात आधी सुचवते. चंद्रकोरीचा आकार, उत्तरेच्या टोकाला छोटं बेट, दक्षिणेला खडक. वायव्येकडून येणारी लाट बेटानं आणि टोकानं अडते. नैऋत्येची लांब लाट वळून आत येते. तळ वाळूचा, उतार मंद, म्हणून कंबरभर पाण्यात बऱ्याच आतपर्यंत चालत जाता येतं. हिवाळ्यात कित्येक दिवस इथं लाट अगदीच बारीक असते. ती लहान म्हणून नाराज होऊ नका. फेसाळलेल्या पाण्यात उभं राहायला गुडघाभर लाट पुरते. उत्तरेकडे ओढा समुद्राला मिळतो, तिथलं पाणी ओहोटीला जोरात बाहेर ओढतं. बेटावर ओहोटीत चालत गेलेले लोक भरतीत अडकतात, तेव्हा तो मोह टाळा. डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्यांची ये-जा जिथं असते तिथं बोर्ड नेऊ नका.

पाटणे, पाळोळ्याच्या लगेच दक्षिणेला. किनारा आखूड, गर्दी कमी, लाट पाळोळ्यापेक्षा थोडी जास्त. पाळोळ्याला पाणी अगदी सपाट असेल तर सकाळी इथं चक्कर मारा.

गोकर्ण. इथं आपली माणसं महाबळेश्वराच्या दर्शनाला जातात, तेव्हा घरच्यांना पटवणंही सोपं. देवळाजवळचा मुख्य किनारा लांब आणि उघडा आहे. दक्षिणेला डोंगर ओलांडला की कुडले, अर्धगोलाकार, दोन्ही बाजूंना डोंगराची सोंड. त्यापुढे ओम किनारा: दोन अर्धगोल आणि मधोमध खडक. फोटोत सुंदर दिसणारा तो मधला खडकच तिथली सगळ्यात धोक्याची जागा. खडकावर उभं राहून फोटो काढताना आणि खडकाजवळ पोहताना तिथं जीव गेलेले आहेत. सर्फिंगसाठी कुडल्याचा मधला वाळूचा भाग घ्या.

मालवणचा चिवला किनारा. बाहेर खडकांची रांग असल्यामुळे पाणी निवांत, इतकं की इथं सागरी जलतरण स्पर्धा होतात. सर्फिंगला लाट फारशी मिळत नाही. पण ज्यांनी समुद्रात कधी पोहलेलंच नाही त्यांनी खाऱ्या पाण्याची सवय इथं करून घ्यावी.

आणि जिथं शिकायला जाऊ नये ते: गणपतीपुळे. सोलापूरहून सगळ्यात जास्त लोक तिथं जातात म्हणून मुद्दाम सांगते. देऊळ समुद्राला लागून, किनारा उघडा, पाणी चटकन खोल होतं आणि ओढही जबरदस्त. दर्शन घ्या, वाळूत बसा, पाण्यात बोर्ड घालू नका. दक्षिण गोव्यातलं आगोंद आणि उत्तर गोव्यातले आश्वे, हरमल हे उघडे किनारे सर्फिंगला चांगले आहेत, उत्तर गोव्यात शाळाही बऱ्याच आहेत, पण ते पुढच्या फेरीला.

४. महिना

जून ते सप्टेंबर नाव काढू नका. पावसाळ्यात लाटा उंच, वारा सतत समुद्रावरून, पाणी गढूळ, आणि जलक्रीडा बंद असतात. मोठी लाट म्हणजे चांगलं सर्फिंग, असं समजून जुलैत गोव्याला निघालेली मंडळी मला भेटली आहेत. त्यांना परत फिरवणं हेच त्यांच्यावर उपकार असतात.

कार्तिकी एकादशी झाली की हंगाम सुरू झाला समजा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी लाट लहान आणि सकाळ शांत. या दिवसांत वायव्येकडून, पार इराणच्या आखाताकडच्या 'शमाल' वाऱ्यांनी उठवलेल्या लाटाही आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात. आपल्या गावच्या माणसाला गड्डा सोडून जानेवारीच्या मध्यात निघणं जमत नाही, तेव्हा यात्रा उरकल्यावरचे आठवडे धरा. गोव्यातली नाताळची गर्दीही तोवर ओसरलेली असते. मार्चपासून नैऋत्येची लांब लाट वाढत जाते. एप्रिल-मेमध्ये उघडे किनारे नवशिक्यांना जड जातात, पण आडोशाच्या किनाऱ्यावर तेव्हाच खरी शिकण्याजोगी लाट मिळते. उन्हाळ्याच्या सुटीत जाणार असाल तर हे लक्षात ठेवा. पाणी बाराही महिने कोमट असतं, वेटसूट लागत नाही.

५. अंदाज वाचायला शिका

विंडी आणि सर्फलाइन ही ॲप फोनवर मिळतात. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था समुद्राच्या लाटांचा अंदाज देते आणि उंच लाटांचे, स्वेलचे इशारेही काढते. कोणतंही ॲप बघा, पण इन्कॉइसचा इशारा असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका. आभाळ कितीही स्वच्छ असो.

ॲपमध्ये तीन गोष्टी बघायच्या: उंची, कालावधी (दोन लाटांमधले सेकंद), दिशा (लाट जिकडून येते ती). नवशिके फक्त उंची बघतात. उदाहरण घ्या.

एका दिवशी दाखवतंय: १.२ मीटर, ६ सेकंद, वायव्य. ही जवळच्या वाऱ्याची आखूड लाट. पाळोळ्याला बेटानं आणि टोकानं बहुतेक अडेल. आत जवळजवळ काही नाही. उघड्या किनाऱ्यावर मात्र घुसळण असेल.

दुसऱ्या दिवशी: तेवढीच १.२ मीटर, पण १४ सेकंद, नैऋत्य. हीच खरी ताकदीची लाट. उघड्या किनाऱ्यावर ती नवशिक्याला झोडपून काढेल. आडोशाच्या किनाऱ्यात वळून, निम्मी होऊन, व्यवस्थित अंतरानं येईल. रजा टाकायची ती या दिवसासाठी.

उंची तीच असून सगळं पालटलं, हे नीट पाहा. मी आधी कालावधी बघते, मग दिशा, मग नकाशा उघडून किनाऱ्याचं तोंड कुठं आहे ते, आणि उंची सगळ्यात शेवटी. नकाशावर समुद्राकडून किनाऱ्याच्या मध्यापर्यंत त्या दिशेनं बोट फिरवा. बोट वाटेत टोकाला किंवा बेटाला अडलं तर आखूड लाट आत येणार नाही. लांब आली तर वळून, कमी होऊन येईल.

अंदाज पाच दिवसांपलीकडचा असेल तर त्यावर भरवसा कमी ठेवा. खोली आणि सुटी आधी ठरवावी लागते हे खरं, म्हणून महिना चौथ्या पायरीवरून ठरवा आणि किनारा निघण्याच्या आदल्या दिवशी पक्का करा. पाळोळे आणि गोकर्ण एकाच वाटेवर असल्यानं ते जमतं.

६. भरतीची वेळ पंचांगावरून

हे मला फार आवडतं, कारण ते आपल्या गावाच्या अगदी हाताशी आहे. सोलापुरातून निघणारं पंचांग महाराष्ट्रभर घरोघरी जातं. ते उघडा, तिथी बघा आणि तिथीला पाऊणनं गुणा. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, सकाळची आणि संध्याकाळची. कोकणातले कोळी पिढ्यान् पिढ्या हा हिशेब करत आलेत.

चतुर्थी: चार पाऊणे तीन. भरती पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास, पूर्ण ओहोटी नऊच्या सुमारास. अष्टमी: सहा. एकादशी: सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्या: सव्वाअकरा. कृष्ण पक्षातही पुन्हा प्रतिपदेपासूनच मोजायचं. भरतीची वेळ रोज पाऊण तासानं पुढं सरकते, म्हणून गुणाकार पाऊणचा. हा हिशेब मुंबई-रत्नागिरीकडच्या किनाऱ्याला बसतो. भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, तेव्हा गोवा-कारवारकडे साधारण तासभर आधी धरा. हा अदमास झाला. नेमकी मिनिटं भरती-ओहोटीच्या तक्त्यात किंवा ॲपवर बघून घ्या.

आता याचा उपयोग. शिकणाऱ्याला पाणी अर्धं भरलेलं आणि अजून चढत असलेलं हवं. पूर्ण ओहोटीला खडक उघडे पडतात आणि पाण्याची ओढ बाहेरची असते. पूर्ण भरतीला लाट थेट काठावर आपटते, बोर्ड आणि माणूस दोघंही वाळूवर आदळतात. मंद उताराच्या पाळोळ्याला हा त्रास कमी, पण नियम सगळीकडे तोच.

पाळोळ्यासाठी त्रयोदशी काढू: तेरा पाऊणे पावणेदहा, तासभर वजा केला की पावणेनऊ. म्हणजे सकाळी सहा-साडेसहापासून आठपर्यंत पाणी चढतंय आणि वाराही पडलेला. उत्तम. अष्टमीला भरती पहाटे पाचलाच होऊन गेलेली, सकाळभर पाणी उतरत राहणार. तेव्हा ओढ्याच्या तोंडापासून लांब राहा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, आणि ओढही वाढते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा सगळं मवाळ. पहिल्यांदा जाणाऱ्यानं पौर्णिमा-अमावास्या टाळलेली बरी.

७. वारा

पहाटेपासून साधारण दहापर्यंत जमिनीवरून समुद्राकडे हलका मतलई वारा असतो. तो लाटेचं तोंड गुळगुळीत ठेवतो. ऊन चढलं की खारा वारा सुटतो आणि दुपारी पाणी चुरगाळल्यागत होतं. म्हणून सकाळी सातला पाण्यात असा. नाश्ता करून अकराला निघाल तर दिवस गेला.

८. शिक्षक आणि बोर्ड

पहिले धडे शिक्षकाकडूनच घ्या. विचारायचे प्रश्न: आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचं शिक्षकाचं प्रमाणपत्र आहे का? जीवरक्षणाचं प्रशिक्षण आहे का? एका शिक्षकामागे किती जण? चारपेक्षा जास्त असतील तर मी दुसरीकडे जाईन. पैशांत बोर्ड, रॅशगार्ड (पाण्यात घालायचा घट्ट टी-शर्ट), किती वेळ पाण्यात, हे सगळं धरलंय का? आणि शेवटचा, माझ्या मते कसोटीचा प्रश्न: "उद्या लाट चांगली नसली तर काय करता?" "लाट रोज चांगली असते" असं उत्तर आलं तर तिथं शिकू नका.

बोर्ड फोमचा, आठ ते नऊ फुटी. ऐंशी किलोच्या पुढचं वजन असेल तर नऊ फुटीच मागा. लहान, टोकदार, चकचकीत बोर्ड दिसायला छान, पण शिकणाऱ्याला तो तोलता येत नाही आणि लागतोही जोरात. पायाचा पट्टा ओढून बघा: वेलक्रो गेलेला असेल, दोरीला चीर असेल तर बदलून मागा. खालचे पंख हलत नाहीत ना तेही बघा. बोर्ड विकत घ्यायची घाई नको. सोलापुरात ठेवाल कुठं आणि एसटीतून न्याल कसा?

९. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं:
- आधार किंवा दुसरं ओळखपत्र, मूळ आणि एक झेरॉक्स
- अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांचं संमतिपत्र. शाळेचा छापील अर्ज असतो, तो वाचून सही करा
- स्वतःची गाडी असेल तर लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी. दोन राज्यांच्या हद्दी ओलांडायच्या असतात आणि पीयूसीची तारीख बघायची राहून जाते
- आरोग्य विम्याचं कार्ड, रक्तगट आणि घरचा फोन नंबर लिहिलेला कागद

सामान: अंगाला घट्ट बसणारा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट (सुती नको, तो पाणी पितो आणि जड होतो), गुडघ्यापर्यंतची लायक्राची पँट, झिंक असलेलं सनस्क्रीन, पाण्याची मोठी बाटली, ओआरएस. बायकांना विशेष सांगते: सलवार, ओढणी, सैल कुर्ता पाण्यात पायात अडकतो. पूर्ण अंग झाकणारे पोहण्याचे कपडे सगळीकडे मिळतात, संकोचाचं काही कारण नाही. टॉवेल आपल्याच गावचा न्या, दोन न्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणीही न्या. पाण्यातून बाहेर आल्यावर जी भूक लागते तिला किनाऱ्यावरच्या हॉटेलातली वाट बघणं झेपत नाही.

अंगठी, साखळी, मंगळसूत्र खोलीवर ठेवा. चष्मा असेल तर शिक्षकाला सांगा, तो तुम्हाला हाताच्या खुणांनी सांगेल.

१०. पाण्याजवळ पोचल्यावर

लगेच उतरू नका. वीस मिनिटं बसून बघा. घड्याळ काढा आणि एका जागी फुटलेल्या लाटेपासून त्याच जागी पुढची फुटेपर्यंतचे सेकंद मोजा. ॲपनं सांगितलेला कालावधी जुळतोय का ते कळेल. मग लाटा कशा येतात ते बघा: तीन-चार मोठ्या, मग काही वेळ शांतता, परत तीन-चार. आत जायचं ते त्या शांततेत. टोकाजवळ लाटेची रेघ वाकताना दिसेल. बाहेर सरळ असलेली रेघ आत येईपर्यंत किनाऱ्याच्या आकाराची होते. ती एकदा डोळ्यांना दिसली की दुसरी पायरी वाचायचीही गरज उरत नाही.

लाटा फुटत असताना मधेच एखादा पट्टा न फुटणारा, गडद, वर फेस बाहेरच्या दिशेनं सरकतोय असा दिसला तर तो शांत रस्ता नव्हे. तो रिप करंट. लोक नेमके तिथंच उतरतात. चुकून सापडलात तर किनाऱ्याकडे झगडत पोहू नका. बोर्ड धरून राहा, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरका, लाटा फुटताहेत तिथं या, लाटच बाहेर आणेल. बोर्ड सोडू नका आणि हात वर करून हलवा.

गोव्याच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात. लाल झेंडा म्हणजे उतरायचं नाही. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला भाग पोहणाऱ्यांचा, तिथं बोर्ड नेऊ नका. सकाळी रापण ओढताना कोळी दिसले तर जाळं पूर्ण बाहेर येईपर्यंत थांबा. तो त्यांच्या रोजीरोटीचा किनारा आहे. आगोंद, गालजीबाग, मोरजीला कासवांच्या घरट्यांचा कुंपण घातलेला भाग असतो, तिथून बोर्ड ओढत नेऊ नका.

पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत न्या. वाळूत पाकट बसलेली असते. पाय घासला की ती निघून जाते, पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा.

पडताना डोकं आधी नको. पसरून, उथळ पडा आणि वर येताना हात डोक्यावर धरा, बोर्ड तिथंच कुठंतरी असतो. बोर्ड कधीही स्वतःच्या आणि लाटेच्या मधे आडवा धरू नका. दुसरा कोणी लाटेवर आधीच उभा असेल तर ती लाट त्याची.

दीड तास झाला की बाहेर या. "अजून एकच" म्हणताना खांदे गेलेले असतात, आणि बहुतेक दुखापती त्याच वेळी होतात. दारू पिऊन, रात्रीच्या जागरणानंतर किंवा एकट्यानं पाण्यात उतरायचं नाही.

११. सोलापूरहून वाट

गोकर्ण आणि पाळोळ्याला आपल्या विजापूर रोडनंच निघायचं. हा राष्ट्रीय महामार्ग ५२ विजापूर, हुबळी, यल्लापूर करत थेट अंकोल्याला समुद्राजवळ उतरतो. अंकोल्याहून डावीकडे गोकर्ण, उजवीकडे कारवार ओलांडून पाळोळे. गोकर्णापर्यंत साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. यल्लापूर-अंकोल्यातला अरबैल घाट दिवसाउजेडी उतरा, अवजड गाड्यांची रांग असते. कारवारजवळ नौदलाचा तळ आहे. तिथं मनाईच्या पाट्या गंभीरपणे घ्या, रिकामा दिसला म्हणून कुठल्याही किनाऱ्यावर उतरू नका.

रेल्वेनं जायचं तर विजापूरमार्गे हुबळी गाठा आणि तिथून बस धरा. कोकण रेल्वेची स्थानकं गोकर्ण रोड आणि काणकोण, पण आपल्याकडून तिथं थेट जाणं सोपं नाही. मालवण-रत्नागिरीकडे मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर असा रस्ता.

गोव्यात दुचाकी भाड्यानं घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळते, पण ती भाड्यानं देणं बेकायदा आहे आणि पोलिसांनी धरली तर त्रास तुम्हाला.

रात्रभर गाडी चालवून पहाटे पोचलात तर त्या सकाळी पाण्यात उतरू नका. झोपा, संध्याकाळी फक्त किनारा बघा, दुसऱ्या दिवशी सातला सुरू करा. तीन दिवसांची सुटी असेल तर पाण्यातल्या सकाळी दोनच धरा.

१२. पुढचा किनारा कधी

फेसाळ पाण्यात दहापैकी सात-आठ वेळा उभं राहता येऊ लागलं, की न फुटलेली हिरवी लाट पकडायला शिका. तीही आधी आडोशाच्याच किनाऱ्यावर. हात मारून लाटेचा वेग गाठता येतोय, उतरताना डावी-उजवीकडे वळता येतंय, कोणती लाट सोडायची ते कळतंय, असं झालं की आगोंदसारखा उघडा किनारा घ्या, पण लहान लाटेच्या दिवशी आणि पहिल्या वेळी शिक्षकाला घेऊनच. त्यानंतर कर्नाटकात आणखी दक्षिणेला, मंगळुरूच्या अलीकडे मुल्की आहे. तिथं २००४ पासून सर्फिंग शिकवतात आणि देशातले चांगले सर्फर त्या पट्ट्यात सराव करतात. तिथल्या नदीच्या तोंडाशी फुटणाऱ्या लाटा बघितल्या तरी पुष्कळ शिकायला मिळतं. आधी काठावरून बघा, आणि उतरायचं की नाही ते तिथल्या शिक्षकाला ठरवू द्या.